दोन खिडक्यांचा कॅमेरा

आमच्या शाळेतली पाचवीची मुले एका गोष्टीवरून मला हसतात. मी त्यांचे छायाचित्र घेतले, की सगळी धावत माझ्या पाठीमागे येतात आणि कॅमेऱ्याची मागची बाजू पाहू लागतात. तेथे काळे कातडे चिकटवलेला पत्रा असतो. दुसरे काही नसते.

“सर, फोटो कुठं आहे?”

“आत आहे.”

“मग दिसत का नाही?”

“अजून झालेला नाही.”

“कधी होणार?”

“पंधरा दिवसांनी.”

पंधरा दिवस म्हटल्यावर त्यांचे चेहरे असे होतात, की जणू मी त्यांना पुढच्या जन्मीचा वायदा केला आहे. सरांचा कॅमेरा बिघडलेला आहे आणि सर ते कबूल करीत नाहीत, असा त्यांचा एकंदर निष्कर्ष आहे. शिक्षकांच्या खोलीतले मतही याहून फारसे वेगळे नाही. फक्त तेथे ते चहाबरोबर व्यक्त होते.

मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आताची दहावी. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, एवढेच. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्रांचा इतिहास सांगण्याचा मला अधिकार कोणता, असे कोणी विचारील, तर अधिकार नाही. पण वयाची चाळिशी ओलांडल्यावर मी डिजिटल कॅमेरा कपाटात ठेवून फिल्मचा, तोही रेंजफाइंडर जातीचा, सत्तर वर्षांपूर्वीच्या घडणीचा कॅमेरा गळ्यात अडकवला. ते का, हे सांगू लागलो म्हणजे मला इतिहासात शिरल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आधी घरातली गोष्ट सांगतो. २००९ साली शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी म्हणून मी एक लहानसा डिजिटल कॅमेरा घेतला. तो चांगला होता. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. २०१७ च्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी मी आमच्या अण्णांना अंगणात खुर्चीवर बसवले. माझे वडील फोटोला बसले म्हणजे रेशन कार्डासाठी बसल्यासारखे बसत. हात गुडघ्यांवर, मान ताठ, ओठ घट्ट. दोन छायाचित्रे तशी निघाली. तिसऱ्या वेळी कोठूनसे वासरू आले आणि त्याने मागून त्यांचे धोतर ओढले. अण्णा मोठ्याने हसून वळले आणि त्याच क्षणी माझे बोट दाबले गेले.

“अरे, काढ की लवकर. म्हशीला पाणी दाखवायचंय,” ते म्हणाले.

मी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर पाहिले. चेहरा हललेला, हात म्हणजे नुसता पांढरा फराटा. “वाया गेला,” असे म्हणून मी कचऱ्याच्या डब्याचे चित्र असलेले बटण दाबले. दोन महिन्यांनी अण्णा गेले. आज भिंतीवर जी तसबीर आहे ती पहिल्या दोहोंपैकी एक आहे. ती रेशन कार्डावर शोभेल. तिच्यातल्या गृहस्थांना मी ओळखतो, पण आमचे अण्णा ते नव्हेत.

आता यात यंत्राचा दोष काहीच नाही. बटण मी दाबले. पण एक विचार मनातून जाईना. छायाचित्र घेतल्यानंतर अवघ्या दोन सेकंदांत त्याचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार मला कोणी दिला? मी कादंबरी अजून वहीत लिहितो. खोडलेले वाक्य रेघेखाली वाचता येते आणि सहा महिन्यांनी पुष्कळदा तेच खरे होते असे आढळते. छायाचित्राला ही सवलत का नसावी?

पूर्वी ती होती. आणि तिचा इतिहास एका दमेकरी माणसापासून सुरू होतो.

ऑस्कर बार्नाक हा १८७९ साली जन्मलेला जर्मन कारागीर. जेना येथे झाइस कंपनीत काही वर्षे काम करून १९११ साली तो वेट्झलार गावी लाइट्स यांच्या सूक्ष्मदर्शक यंत्रांच्या कारखान्यात आला. त्याला डोंगर चढण्याची आणि छायाचित्रे काढण्याची हौस होती. छातीत मात्र दमा होता. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिची तिवई आणि काचेच्या जड पट्ट्या. हे ओझे घेऊन चढावर चालणे त्याला झेपेना. मग त्याने विचार केला, की सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म तयार मिळतेच आहे. तिच्यावर लहान चित्र घ्यावे आणि नंतर ते मोठे करावे. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची. बार्नाकने फिल्म आडवी चालवून चौकट दुप्पट केली. २४ बाय ३६. ही मापे आजही जगभर चालू आहेत. महागड्या डिजिटल कॅमेऱ्यांतला प्रकाश टिपणारा पृष्ठभागदेखील याच मापाचा असतो. दमेकऱ्याच्या फुप्फुसाने ठरवलेले माप शंभर वर्षे टिकावे ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

त्याचा पहिला नमुना पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, १९१४ च्या सुमारास, तयार झाला. युद्धाने काम लांबले. १९२० साली वेट्झलारला पूर आला, तेव्हा बार्नाक तो खिशातला कॅमेरा घेऊन बाहेर पडला आणि पाण्यात बुडालेल्या रस्त्यांची चित्रे त्याने घेतली. आम्ही कृष्णाकाठची माणसे, म्हणून ही हकीकत मला विशेष जवळची वाटते. पुढे १९२४ साली, जर्मनीत नाण्याची धूळधाण होऊन गेल्यावर, कारखान्याचे मालक एर्न्स्ट लाइट्स यांनी सहकाऱ्यांच्या शंका ऐकून घेतल्या आणि हा कॅमेरा करायचाच असे ठरवले. १९२५ च्या वसंतात लाइप्झिगच्या जत्रेत तो विक्रीस आला. ‘लाइट्स’ आणि ‘कॅमेरा’ यांची पहिली अक्षरे जोडून त्याचे नाव ठेवले ‘लायका’.

या पहिल्या लायकात एक उणीव होती. समोरचा माणूस किती अंतरावर आहे याचा अंदाज डोळ्याने करून भिंगाचे कडे फिरवावे लागे. नाही तर अंतर मोजण्याचे वेगळे लहान यंत्र वर बसवावे लागे. त्या यंत्राचेच नाव रेंजफाइंडर. त्याचे तत्त्व तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. अंगठा डोळ्यांसमोर धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटावा. अंगठा जागचा हलल्यासारखा दिसतो. जवळ आणला तर जास्त हलतो, दूर नेला तर कमी. रेंजफाइंडरला अशाच दोन खिडक्या, म्हणजे दोन डोळे असतात. दोहोंतून आलेली चित्रे एकावर एक पडतात. कडे फिरवून ती दोन्ही तंतोतंत जुळवली, म्हणजे अंतर बरोबर झाले. वर्गात मी हे सांगितले तेव्हा चाळीस मुले अर्धा तास अंगठे धरून बसली होती. शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी दारातून डोकावून विचारले, “सर, हे काय चाललंय?”

खरे सांगायचे तर ही युक्ती छायाचित्रकारांसाठी निघालेलीच नाही. ग्लासगोचे बार आणि स्ट्राउड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमाराला अशी यंत्रे पुरवली, ती शत्रूचे जहाज किती लांब आहे ते पाहून तोफ डागण्यासाठी. १९३२ साली लायकाच्या दुसऱ्या आवृत्तीत रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या आतच बसवून भिंगाशी जोडला गेला. त्याच वर्षी झाइसचा काँटॅक्सही तशाच जोडणीसह निघाला. तेव्हापासून तोफखान्याचे हे गणित माणसांचे चेहरे टिपण्याच्या कामी लागले. १९५४ साली निघालेल्या लायका एम-३ मध्ये पाहण्याची आणि अंतर जुळवण्याची खिडकी एकच करण्यात आली, आणि जाणकारांच्या मते या जातीचा कळस तोच.

या कॅमेऱ्यात आरसा नाही. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून डोळ्यापर्यंत येतो, आणि बटण दाबताच तो आरसा खटकन वर उडतो. म्हणजे नेमक्या त्या क्षणी छायाचित्रकाराला काहीच दिसत नाही. रेंजफाइंडरवाल्याला तो क्षण दिसतो. मात्र त्याचे चित्र कसे उमटले हे दिसत नाही. डिजिटलवाला चित्र पाहतो, आणि ते पाहण्यासाठी मान खाली घालतो तेव्हा पुढचा क्षण निघून गेलेला असतो. तीन यंत्रे, आणि तिघांचे आंधळेपण वेगवेगळ्या जागी. मी यांतले पहिले पत्करले एवढेच.

पण लायका घेण्याची माझी ऐपत नव्हती. त्या कंपनीने २०२२ साली एम-६ हा आपला जुना फिल्मचा कॅमेरा पुन्हा काढला. त्याची किंमत ऐकल्यावर मी विषय बदलला. माझा कॅमेरा पुण्याच्या जुन्या बाजारात, कुलपे आणि पितळी नळांच्या ढिगात मिळाला. रशियात शिकायला गेलेल्या कोणीतरी तो आणलेला असावा. त्याच्यावर रशियन लिपीत तीन अक्षरे कोरलेली आहेत. त्यांचा उच्चार ‘फेद’. हा फेद-२. खिडक्यांतले अंतर ६७ मिलिमीटर. माणसाच्या दोन डोळ्यांतले अंतरही जवळपास इतकेच. ही तीन अक्षरे म्हणजे काय ते शोधू लागलो आणि मी शिक्षक असल्यामुळे त्या शोधात पुरता अडकलो.

युक्रेनमध्ये खारकिव्ह नावाचे शहर आहे. रशियातल्या क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात आईबाप गमावलेली हजारो मुले रस्त्यांवर भटकत होती. अशा मुलांसाठी खारकिव्हजवळ १९२७ च्या अखेरीस एक वसाहत निघाली. अंतोन माकारेंको हे तिचे चालक. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून त्यांचे नाव आजही येते. मुलांना दया नको, काम आणि विश्वास द्या, असे त्यांचे सूत्र होते. वसाहतीतली मुले आधी विजेवर चालणारी ड्रिल करू लागली आणि मग, १९३४ पासून, लायकाची हुबेहूब नक्कल. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक जेथे चालत नाही असे काम कालपर्यंत खिसे कापणाऱ्या मुलामुलींच्या हातांनी होऊ लागले. ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मी भारावून गेलो. आमच्या शाळेतल्या ‘कार्यानुभवा’च्या तासाला आम्ही कागदाची फुले करतो.

परंतु इतिहास भारावलेल्या माणसाला फार वेळ तसा राहू देत नाही. ‘फेद’ ही फेलिक्स एद्मुंदोविच जेर्झिन्स्की या नावाची आद्याक्षरे. हा गृहस्थ सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक. वसाहतीला त्याचे नाव होते, आणि ती उभारली होती युक्रेनच्या गुप्त पोलिसांनी. त्याच युक्रेनच्या खेड्यांतून १९३२-३३ साली सरकारने धान्य उचलून नेले आणि लाखो शेतकरी उपासमारीने मेले. खाली पडलेली माणसे खारकिव्हच्या पदपथांवर दिसत होती. बाहेर हे, आणि आत मुले भिंगे घासत आहेत. माकारेंको सगळे जाणत होते काय? किती जाणत होते? एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाविषयी हे प्रश्न विचारावेत काय, असेही वाटते. मीही सरकारी अनुदानाच्या शाळेतच नोकरी करतो. पण माझ्या कॅमेऱ्याच्या माथ्यावरची तीन अक्षरे पाहिली, की हे प्रश्न येतात आणि उत्तर न घेता परत जातात.

त्या दुष्काळाची अस्सल छायाचित्रे अगदी थोडी आहेत. त्यांतली पुष्कळशी अलेक्झांडर वीनरबर्गर या ऑस्ट्रियन इंजिनियराने १९३३ साली खारकिव्हमध्येच चोरून घेतलेली आहेत. त्याच्याजवळ लायका होता असे सांगतात. म्हणजे ज्या शहरात सरकारच्या कृपेने लायकाची नक्कल करण्याची तयारी चालली होती, त्याच शहराच्या रस्त्यांवर मूळ लायका कोटाआड धरून एक परका माणूस सरकारचे पाप टिपत फिरत होता. त्याच्या फिल्मा ऑस्ट्रियाच्या राजनैतिक टपालातून देशाबाहेर गेल्या. टिपताना त्याला काय मिळाले ते दिसले नसणार. कोणती चौकट हलली, कोणती तिरकी आली, हे त्याला पुढे कळले असेल. त्याच्या चौकटींत वाकड्या क्षितिजाच्या कितीतरी आहेत. २०२२ पासून त्या शहरावर पुन्हा बाँब पडत आहेत, आणि आता तेथला प्रत्येक माणूस खिशात कॅमेरा बाळगून आहे. त्याचा उपयोग किती मोठा आहे हे मी नाकारीत नाही.

हललेल्या चित्रांचा विषय निघाला म्हणून दोन नावे घेतो. पहिले रॉबर्ट कापा याचे. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अमेरिकन सैनिकांबरोबर तो पाण्यात उतरला, हातात काँटॅक्स हा रेंजफाइंडर. त्याने तेथे घेतलेल्या चित्रांपैकी दहा-अकराच उरली. लंडनच्या प्रयोगशाळेतल्या पोराने फिल्म वाळवताना उष्णता वाढवली आणि बाकीची वितळली, अशी कथा अनेक वर्षे सांगितली गेली. अलीकडचे अभ्यासक तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत, कापाने मुळात तेवढीच घेतली असावीत असे म्हणतात. ते काही असो. उरली त्यांतली एक चौकट जगाला पाठ आहे. पाण्यात आडवा पडून पुढे सरकणारा सैनिक, आणि सगळे हललेले, दाणेदार, धुरकट. परीक्षेच्या दृष्टीने नापास. त्या दिवसाचे याहून खरे चित्र मी पाहिलेले नाही.

दुसरे नाव आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे, आणि ते आपल्या देशाशी निगडित आहे. १९३२ साली मार्सेय येथे त्यांनी पहिला लायका घेतला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती पडण्यापूर्वी त्यांनी तो एका शेतात पुरून ठेवला; तीनदा प्रयत्न करून कैदेतून निसटल्यावर १९४३ साली उकरून काढला. १९४७ साली ते पत्नीसह हिंदुस्थानात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी दुपारी दिल्लीच्या बिर्ला भवनात ते गांधीजींना भेटले आणि आपल्या छायाचित्रांचे पुस्तक त्यांनी गांधीजींपुढे ठेवले. ते तेथून निघाल्यानंतर थोड्याच वेळात, सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास, जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. कार्तिए-ब्रेसाँ परत फिरले. अंधार पडला होता. फाटकापाशी पंडित नेहरू उंचावर उभे राहून जमलेल्या लोकांना ती बातमी सांगत होते. कार्तिए-ब्रेसाँ यांना कॅमेऱ्यावरच्या झगमगाटी दिव्याचा मनापासून तिटकारा होता. तेथे होता तेवढ्याच उजेडात त्यांनी चित्र घेतले.

ते चित्र हललेले आहे. नेहरूंचा चेहरा धूसर, भोवतालची माणसे विरघळल्यासारखी, दिव्याचा उजेड पसरलेला. आज कोणी तरुण वार्ताहर तेथे असता, तर त्याने पाठीवरच्या पडद्यावर ते पाहिले असते, कपाळाला आठ्या घातल्या असत्या आणि दुसरे घेतले असते. कदाचित पहिले पुसलेही असते. मी तर खात्रीने पुसले असते. माझा पूर्वेतिहास वाचकांना कळलाच आहे. त्या रात्री कार्तिए-ब्रेसाँ यांच्या कॅमेऱ्यात ती चौकट बंद होती. ती चांगली की वाईट हे ठरवण्याची सोयच नव्हती. ती ठरवली गेली ती नंतर, दुसऱ्या उजेडात, देश शोकातून थोडा सावरल्यावर. आज ती पाहताना वाटते, की सगळा देशच त्या क्षणी डोळ्यांत पाणी येऊन असा धूसर दिसला असेल.

त्या बातमीनंतर आमच्या सातारा-सांगली भागात काय झाले, ते जुन्या मंडळींना सांगायला नको. वाडे जळाले. वाड्यांबरोबर भिंतींवरच्या तसबिरीही जळाल्या. त्या जाळपोळीचे एकही छायाचित्र माझ्या पाहण्यात नाही.

रेंजफाइंडरचे राज्य फार दिवस टिकले नाही. १९५९ साली जपानचा निकॉन एफ हा आरशाचा कॅमेरा आला आणि बातमीदार तिकडे वळले. भिंगातून जसे दिसते तसेच चित्र येते, ही सोय कोण सोडील? आणि डिजिटलचे बीज तर फिल्मच्याच घरात रुजले. १९७५ साली अमेरिकेत रॉचेस्टर येथे कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनियराने साडेतीन किलोंहून थोडा जड असा फिल्मवाचून चालणारा कॅमेरा बनवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. फिल्म विकून जगणाऱ्या कंपनीला ते मूल आपले म्हणावेसे वाटले नाही. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडेही उटकमंडला सरकारने १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापला होता. १९६७ पासून तेथे माल निघू लागला. त्याची ‘इंदू’ छापाची फिल्म आणि कागद खेड्यापाड्यांच्या स्टुडिओंत वापरात होते. तो कारखाना आता बंद आहे. परिणामी आज एका फिल्मची किंमत देताना माझा हात खिशातच घुटमळतो. वर्षाला दहा-बारा फिल्मांपलीकडे मला जाता येत नाही. म्हणजे साडेतीन-चारशे चौकटी. पूर्वी एका स्नेहसंमेलनात मी तेवढ्या घेत असे, आणि त्यांतल्या चार कोणी पाहत असे.

फिल्म धुणे मला आमच्या गावच्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी शिकवले. स्टुडिओ बंद करून ते आता मुलाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. मी कॅमेरा दाखवला तेव्हा त्यांनी तो कानाशी धरून चार वेळा खटका ऐकला आणि म्हणाले, “गुरुजी, सगळी दुनिया पुढं चालली आणि तुम्ही उलट्या पावलांनी कुठं निघालात?” आणि मग स्वतःच माळ्यावर चढून त्यांनी धुण्याची डबी खाली काढली. औषध २० अंश उष्णतेचे असावे लागते. आमच्याकडे एप्रिलात नळाचे पाणी तिशीला टेकते. तेव्हा बादलीत बर्फ घालावा लागतो, आणि बर्फ आणायला रसवंतीगृहात जावे लागते. तेथला मुलगा आता न विचारताच पोत्यात बांधून देतो.

माझ्या फजितीही सांगायला हव्यात. रेंजफाइंडरमध्ये आपण भिंगातून पाहत नसतो, बाजूच्या खिडकीतून पाहतो. त्यामुळे भिंगावरचे झाकण काढायचे राहिले, तरी आपल्याला सर्व काही लख्ख दिसत असते. पहिल्याच वर्षी औदुंबरच्या सहलीत मी ३६ चौकटी झाकणासह घेतल्या. एका मुलीने जाताना म्हटलेही होते, “सर, तुमच्या कॅमेऱ्याला टोपी आहे.” मी तिला रांगेत उभी राहा म्हणालो.

आणि २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला, तेव्हा माझा हा सगळा अभिमान पाण्यात गेला. पंचनाम्यासाठी छायाचित्रे त्याच दिवशी, त्याच तासाला हवी होती. आमच्या एका सहशिक्षकाने मोबाइलवर गल्लीतल्या प्रत्येक पडक्या घराची चित्रे घेतली आणि तलाठ्याला दाखवली. माणसांना भरपाईसाठी त्यांचा उपयोग झाला. मी त्या दिवशी कॅमेरा बाहेर काढलाच नाही. त्यांच्या मागे छत्री धरून उभा राहिलो. पाणी ओसरल्यावर आमच्या घरातला छायाचित्रांचा अल्बम म्हणजे चिकटलेली वीट झाली होती. फिल्मच्या पट्ट्या मात्र, मूळच्या पाण्यातच धुऊन निघालेल्या, पुन्हा स्वच्छ पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घातल्या आणि बहुतेक वाचल्या. आईने त्या दोरीवर पाहिल्या. एक पट्टी उजेडाकडे धरून तिने बराच वेळ निरखली आणि विचारले, “यात तुझे अण्णा नाहीत ना रे कुठं?”

नव्हते. कॅमेरा मी अण्णा गेल्यानंतर घेतला. मी तिला काही बोललो नाही, आणि त्या पाडव्याच्या तिसऱ्या चित्राची गोष्ट तर तिला आजवर सांगितलेली नाही. तिला हा अंक वाचून दाखवताना एवढी पाने मी गाळणार आहे.

पाचवीच्या मुलांना पंधरा दिवसांचा वायदा केला होता, तो या खेपेला तीन आठवड्यांवर गेला. चित्रे वर्गात नेली. मुले तुटून पडली. स्वतःला शोधून काढून गप्प झाली. एक मुलगा मात्र हिरमुसला. तो ऐन वेळी रांगेतून पळाला होता, त्यामुळे त्याचे डोके म्हणजे एक करडा झोत झाले होते आणि नेमके दातच तेवढे स्पष्ट आले होते.

“सर, हा पुसा ना.”

“पुसता येत नाही.”

“मग दुसरा काढा.”

“काढू. पण हा राहील.”

त्याने तो उलटसुलट करून पाहिला, दप्तरात घातला आणि जागेवर जाऊन बसला. मधल्या सुट्टीत परत आला. आजीने बघायला मागितला तर द्यावा लागेल, तेव्हा अजून एक प्रत मिळेल का, असे त्याने विचारले. कागदाचे पाकीट संपले आहे. पुण्याहून मागवले आहे, आले की देतो, असे मी त्याला सांगितले.